नावाखालची चावी

इंदिरानगर, नाशिक
१७ जानेवारी २००८

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आत्या म्हणून नव्हे, आपल्या आरोग्य मंडळाची सचिव म्हणून लिहिते आहे. तेव्हा चहा बाजूला ठेव आणि नीट वाच.

महिनाअखेरच्या मीटिंगला येताना सुरगाण्याच्या केंद्रावरचा तुझा लॅपटॉप घेऊन ये. त्याची डिस्क कुलूपबंद करायची आहे. मनोजनं, म्हणजे आपल्याकडे कॉम्प्युटरचं बघतो त्यानं, मला समजावलं ते असं. आतला सगळा मजकूर अशा रीतीनं गुंतवून टाकतात की लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराच्या हाती भुसा लागेल. रोज उघडताना तुला वेगळं काही करावं लागणार नाही. पण कधी यंत्राला शंका आली, आपण भलत्याच्या हातात आहोत असं वाटलं, तर ते अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी मागेल. ती चावी तू लिहून ठेवायची नाही. पर्समध्ये नाही, कॅलेंडरच्या मागे नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर डिरेक्टरी आहे, त्यात प्रत्येक यंत्राचं नाव आहे, आणि यंत्राचं नाव म्हणजे ते वापरणाऱ्याचं नाव. चावी त्या नावाखाली आपोआप जमा होते. सगळ्यांच्या चाव्या एका जागी, आणि त्या जागेला हात लावणार फक्त मी आणि मनोज.

हे कशासाठी, ते तुला सांगायला नको. सिकलसेल हा रक्तातला आजार आहे, आईबापांकडून मुलात येतो. तो कोणत्या घरात आहे हे बाहेर फुटलं की त्या घरातल्या मुलींची लग्नं अडतात. लोकांनी मुलांचं रक्त तुझ्या भरवशावर दिलं आहे. तेव्हा नोंदी डिस्कवर गेल्या की मूळ कागद फाडून टाकायचे. कागद वाऱ्यावर उडतो.

चावीबद्दल फोनवर किंवा ई-मेलवर अवाक्षर काढायचं नाही. पत्र लिहायचं. तसाही तुझ्याकडे फोन लागतो कुठे.

तुझी,
ललिताआत्या


सुरगाणा
१२ फेब्रुवारी २००८

ती. ललिताआत्यास,
शि. सा. नमस्कार.

कुलूप लावून परत आले. मनोजदादांनी तुमच्यासमोर डिरेक्टरी उघडून दाखवली, ‘निकिता’ या नावाखाली चावी जमा झालेली तुम्ही चष्मा लावून पाहिलीत, आणि मला मात्र मान वळवायला लावलीत. ठीक आहे. मला बघायचीही नव्हती. अठ्ठेचाळीस आकडे पाठ झाले असते तर झोप उडाली असती.

उंबरपाड्याचं काम संपलं. तीनशेच्या वर मुलं तपासून झाली. प्रयोगशाळेकडे नमुने गेले ते नुसत्या नंबरांनी. कुठला नंबर कुठल्या मुलाचा हे त्यांना माहीत नाही, ते फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. कागद तुमच्या सांगण्यावरून फाडले आणि चुलीत घातले.

पाड्यावर सुरुवातीला कुणी सुई लावू देईना. शेवटी बहिरूबाबा मध्ये पडले. पाड्यात त्यांचा शब्द चालतो. सगळ्यांसमोर मला म्हणाले, “एकदाच टोचनार?”

मी म्हणाले, “एकदाच.”

“मंग पुढल्या टायमाला येशील तवा सुई आनायची नाय. आजार कोनाला हाय ते सांगायला ये, औषध घेऊन ये.”

मी हो म्हणाले. साळूबाई तरीही पोराला घेऊन घरामागे जाऊन बसली होती. सगळ्यांत शेवटी आली. संतोष तिचा एकुलता एक, सहा वर्षांचा, सांधे दुखतात म्हणून रात्रभर रडतो. “एकदाच” हे तिनंही मला दोनदा विचारून घेतलं.

भातकापणी आटोपली की हे लोक द्राक्षबागांवर मजुरीला निघतात, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांचं शिबिर दिवाळीच्या आत घ्यायचं ठरलंय. ज्यांना आजार आहे त्यांना त्या दिवशी बोलावून औषध सुरू करायचं.

विंचूरहून बाबांचं पत्र तुम्हाला आलंच असेल. लग्न वैशाखात. सिन्नरची माणसं बरी वाटली. नोकरी चालू ठेवू देणार का, असं मी सरळ विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “आधी भाकरी करता येती का ते सांग.” याचा अर्थ काय लावायचा?

तुमची,
निकिता


इंदिरानगर, नाशिक
९ जून २००८

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

लग्न नेटकं झालं. जेवणाच्या पंगती वेळेवर उठल्या, याचं श्रेय तुझ्या बाबांपेक्षा मला जास्त आहे. जावईबापूंनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मोहिनी’ असं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आहे.

तू परवा मीटिंगला आलीस तेव्हा लॅपटॉप मनोजकडे दोन तास होता. त्यात मी एक काम उरकून घेतलं. लॅपटॉपचं नाव ‘मोहिनी’ करून घेतलं. मंडळाच्या हजेरीतही तसंच केलं आहे, आणि डिरेक्टरीतलं जुनं नाव काढून टाकायला लावलं. एका माणसाची दोन नावं दोन ठिकाणी राहिली की काय होतं, हे मी भोगलं आहे. मी माहेरची चंद्रभागा. बी.ए.ची पदवी चंद्रभागेची आणि नोकरी ललितेची. बढतीच्या वेळी दर खेपेला साहेब विचारणार, ही चंद्रभागा कोण? मग मी प्रतिज्ञापत्र घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणार. एकदा तर एका कारकुनानं मला सांगितलं, “बाई, चंद्रभागाबाईंनाच घेऊन या ना सोबत.” तुझ्यावर ती पाळी येऊ नये. सुरुवातीलाच सगळीकडे एकच नाव असलेलं बरं.

सिन्नरला रुळलीस का? दर आठवड्याला सुरगाणा ते सिन्नर एसटीचे धक्के खाणं सोपं नाही. सासरकडून काही कुरकुर आहे का, ते स्पष्ट लिही.

तुझी,
ललिताआत्या


सुरगाणा
२६ जून २००८

ती. ललिताआत्यास,
शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. लॅपटॉपच्या नावाचं कळलं. तुम्ही केलंत ते विचार करूनच केलं असेल.

सासरी सगळं ठीक आहे. भाकरी अजून फुगत नाही. धनराजना कारखान्यात रात्रपाळी असते, म्हणून रविवारीसुद्धा भेट अर्धीच होते.

इथे लावणीची गडबड आहे. पाड्यावर दिवसा कुणी भेटत नाही. केंद्राची कौलं दोन ठिकाणी गळतात, लॅपटॉप मी गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवते.

तुमची,
निकिता (मोहिनी)


सुरगाणा
१४ ऑगस्ट २००८

ती. ललिताआत्यास,
शि. सा. नमस्कार.

घाबरण्यासारखं काही नाही, पण लवकर उत्तर हवं. दमटपणानं लॅपटॉप बंद पडला होता. नाशिकला दुरुस्तीला दिला. आतली मुख्य पट्टी, मदरबोर्ड म्हणतात ती, गेली होती, ती बदलून दिली. डिस्क जशीच्या तशी आहे. पण पट्टी नवी म्हणून यंत्राला शंका आली आहे आणि ते चावी मागतंय. पडद्यावर दुसरं काही येतच नाही.

कृपया ते आकडे पत्रानं पाठवा. अगदी बंद पाकिटात, वर काही न लिहिता. शिबिराची तारीख १९ ऑक्टोबर ठरली आहे आणि कुणाकुणाला बोलवायचं ते त्याच्यातच आहे.

तुमची,
निकिता


इंदिरानगर, नाशिक
१८ ऑगस्ट २००८

चि. मोहिनीस,
आशीर्वाद.

‘मोहिनी’ या नावाखाली एकही चावी नाही. मी स्वतः मनोजशेजारी बसून पाहिलं. यंत्राचं नाव आहे, तारीख आहे, खाली रिकामं.

याचा अर्थ मला एवढाच लागतो की तू मध्यंतरी काहीतरी केलं आहेस. कुलूप काढून पुन्हा लावलंस का? सिन्नरला घरात कुणी लॅपटॉप हाताळला का? जावईबापू कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करतात असं ऐकलं होतं. कौतुक म्हणून कुणी खटपट केली असेल तर ते आत्ताच सांग. लपवून काही साधणार नाही. मुलांच्या नोंदी आहेत, लग्नातले फोटो नव्हेत.

ललिताआत्या


सुरगाणा
२२ ऑगस्ट २००८

ती. ललिताआत्यास,
शि. सा. नमस्कार.

लॅपटॉप सिन्नरला कधी नेलाच नाही. तो मंडळाचा आहे, घरी न्यायचा नाही, हा तुमचाच नियम आहे. धनराजनी तो पाहिलेलाही नाही.

जानेवारीअखेर मनोजदादांनी दाखवली तेव्हा चावी ‘निकिता’ या नावाखाली होती. कृपया माझ्या नावाखाली बघा.

निकिता


इंदिरानगर, नाशिक
२७ ऑगस्ट २००८

चि. निकितास,

तुझ्या नावाखाली बघण्यासारखं नाव उरलेलं नाही. ते मी काढायला लावलं.

मनोजला सकाळपासून समोर बसवून सगळं वदवून घेतलं. कुलूप ज्या दिवशी लावलं त्या दिवशी चावी जमा झाली, एकदाच. जूनमध्ये त्यानं लॅपटॉप डिरेक्टरीतून बाहेर काढला, नवं नाव दिलं आणि पुन्हा आत घेतला. डिरेक्टरीच्या लेखी ते वेगळंच यंत्र. कुलूप जुनं, म्हणून नवी चावी काही जमा झाली नाही. मग माझ्या हुकमाप्रमाणे त्यानं जुनं नाव पुसलं. नावाखाली जे होतं तेही नावाबरोबर गेलं.

मी त्याला विचारलं, “तुला हे माहीत नव्हतं?”

तो म्हणाला, “मॅडम, चावी यंत्राची असते असं वाटलं. नावाची असते हे लक्षात नाही आलं. आणि तुम्ही म्हणालात, आजच्या आज करा.”

म्हणाले होते खरी.

सर्व्हरची प्रत महिन्याला एका डिस्कवर घेतो, ती पुढच्या महिन्यात पुसून त्याच डिस्कवर नवी घेतो. जुना पसारा नको म्हणून. तोही माझाच नियम. पुण्याच्या एका जाणकाराला विचारून झालं. कुलूप फोडता येत नाही. फोडता आलं असतं तर लावलं कशाला असतं, असं तोच म्हणाला.

तुला मी जे लिहिलं ते मागे घेते. जावईबापूंबद्दल लिहिलं तेही. मंडळाच्या बैठकीत झाला प्रकार माझ्या नावावर नोंदवला आहे.

आता मार्ग एकच दिसतो. पुन्हा रक्त घ्यावं लागेल, तेही सप्टेंबरात, म्हणजे शिबिराच्या आत निकाल येतील. तुला काय वाटतं ते कळव.

ललिताआत्या


इंदिरानगर, नाशिक
३ सप्टेंबर २००८

सौ. झुंबरबाई यांस,
सा. न.

आपल्या सूनबाईंकडून माझ्या पत्राला उत्तर नाही. सुरगाण्याच्या केंद्रावर चौकशी केली, तर ती चार-पाच दिवसांपासून सिन्नरलाच असल्याचं कळलं. स्पष्ट लिहिते, राग नसावा. लग्नाआधी आपण नोकरीला हरकत घेतली नव्हती. मंडळाच्या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे आणि ती निस्तरायला निकिताच हवी. ते निमित्त करून तिला घरी बसवून घेण्याचा विचार असेल, तर तो योग्य नाही. तिचं नाव आपण बदललंत, ते रीतीला धरून आहे. काम बदलू नये, ही विनंती.

ललिता


सिन्नर
८ सप्टेंबर २००८

विहीनबाईस्नी झुंबरबाईचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं. मी चौथी शिकलेली हाये, अक्षराला हसू नका. मालकास्नी सांगितलं लिहा, तर ते म्हनले तुझं भांडान तूच लिही.

आमी तिला बसवून घेतलेली नाय. ती येऊन बसली हाये. भिताडाकडं तोंड करून झोपती. ताप नाय, खोकला नाय. भाकर अर्धी खाती. इचारलं तर म्हनती, आई, म्या पाड्यावरच्या लोकास्नी शब्द दिला व्हता एकदाच टोचीन, आता कोन्त्या तोंडानं जाऊ. परवा एक पाकीट दिलं मला पोस्टात टाकाया. वर तुमचं नाव. म्या म्हनलं कशाचं, तर म्हनली राजीनाम्याचं. म्या ते टाकलं नाय. बाजरीच्या पिठाच्या डब्यावर ठिवलंय. तुमाला पायजे असंल तर येऊन घेऊन जा, पोस्टाचं काम माझं नाय.

आन नावाचं. आमी कुठं बदललं? लग्नात तांदळात लिहित्यात तसं धनराजनं लिहिलं, त्याला हौस. ते तांदूळ दुसऱ्या दिशी खिरीत गेले, तुमी बी दोन वाट्या खाल्ल्या. घरात समदे तिला निकीच म्हनत्यात. मोहिनी म्हनून हाक मारली तर ती मागं वळून बघती कोन पावनी आली. शाळेचं नाव, नोकरीचं नाव तुमी कशाला बदललं? इचारायचं व्हतं. इचारनारं मानूस शिकल्यालं असतं असं आमाला वाटलं व्हतं.

रागानं लिवत नाय. तुमी बी तिच्यासाठीच केलं आसंल. पर ती तुमाला भिती. तुमी यंत्राचं नाव बदललं तवा तिला आवडलं नव्हतं, तुमाला सांगितलं नाय. मला सांगितलं. मला ती भीत नाय, भाकर करपली तरी हसती.

ती जाईल तर मी आडवनार नाय. पर एकटी जानार नाय. चुकी तुमची तर तोंड बी तुमीच दाखवावं.

कमीजास्त माफ करा.
झुंबरबाई


इंदिरानगर, नाशिक
१० सप्टेंबर २००८

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. मी चाळीस वर्षं ऑफिसांत काढली, असं झाडलेलं पत्र मला कुणी लिहिलं नव्हतं. त्यात न पटण्यासारखं एक वाक्य शोधत होते, सापडलं नाही.

पाकीट डब्यावरच राहू दे. मला नको आहे.

तू मला भितेस हे मला माहीत होतं. ते मला सोयीचं होतं, म्हणून मी त्याचा विचार केला नाही. जूनमध्ये “मला हे नाव नको” एवढं लिहायला तुला जड गेलं. तू ‘निकिता’ लिहून कंसात ‘मोहिनी’ लिहिलंस. तेही मी वाचलं आणि पुढे गेले. हजेरीत तुझं नाव काल पूर्ववत केलं.

आता कामाचं. शब्द तू दिलास, तो मोडायला मी भाग पाडलं. तेव्हा उंबरपाड्यावर सांगायला मी येणार. बुधवारी, १७ तारखेला, सकाळच्या एसटीनं सुरगाण्याला पोचते, पुढे जीपनं जाऊ. तू बहिरूबाबांना फक्त निरोप दे की नाशिकची म्हातारी येते आहे. सुई पिशवीत ठेवायची, हातात नाही. लोक नाही म्हणाले तर आपण नुसत्या परत येऊ, आणि शिबिर ज्यांना यायचं त्यांच्यासाठी होईल. मी कुणाला आग्रह करणार नाही, तूही करायचा नाहीस.

तुला काही मुलं आठवत असतील. मनोज म्हणाला, आठवणीतून यादी करता येईल. नको. चुकीच्या मुलाला औषध जाण्यापेक्षा दुसऱ्यांदा टोचलेलं बरं.

तुझी,
ललिताआत्या


सुरगाणा
२४ सप्टेंबर २००८

ती. ललिताआत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही साडेतीनच्या जीपनं गेलात, त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. आणि त्याआधीचंही सगळं माहीत नाही, कारण तुम्ही पुढे उभ्या होतात आणि मी बायांच्या मागे.

तुम्ही सरळ सुरुवात केलीत. “हिनं शब्द मोडलेला नाही. यादीतून हिचं नाव मी काढायला लावलं, त्याच्याबरोबर तुमच्या मुलांच्या नोंदी गेल्या.” तेव्हा बहिरूबाबा म्हणाले, “नाव का काढलं? मेली व्हती का काय ही?” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “लग्न झालं होतं.” त्यावर तर म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून वाकल्या. पण हसून झाल्यावर एक जण म्हणाली ते मी ऐकलं. “कडू हाय म्हातारी. पन दुसऱ्यावर ढकलत नाय.”

संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी मुलं आणली. पुरुषांपेक्षा बायांनी लवकर ठरवलं. बहिरूबाबांनी स्वतःची नातवंडं आधी पुढे केली, पण माझ्याशी बोलले नाहीत. शब्द मोडला तो मोडलाच. ते मला पुष्कळ लागलं, आणि त्यांचं बरोबर आहे.

साळूबाई आली नाही. तुम्ही म्हणाला होतात आग्रह नाही, म्हणून मी तिच्या दारावरून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सामान आवरत होते तेव्हा ती आली. संतोष कडेवर, एवढा मोठा, पाय लोंबत होते.

“देते,” म्हणाली. “पन आधी सांग. गेल्या टायमाला आजार हाय का नाय ते लिहून आलं व्हतं?”

मी म्हणाले, आलं होतं.

“तुला ठाव व्हतं?”

“होतं. तीनशे मुलांत मला नक्की आठवत नाही.”

“तुझ्या त्या पेटीला ठाव व्हतं. नाशकाला ठाव व्हतं. मी याची आय, मला नाय. पेटी आंधळी झाली तर कोनालाच नाय.”

डॉक्टर सांगतील, शिबिरात सांगतील, असं आपण ठरवलं होतं. का ठरवलं होतं, ते आता आठवेना.

मग तिनं अट घातली. याचा नंबर काय तो आत्ता सांगायचा. निकाल आला की आधी तिला सांगायचा, कानात, मग पेटीला. मी म्हणाले, “नंबर विसरशील.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. “पोऱ्याचा नंबर?” म्हणाली.

मी सांगितला. तिनं तीनदा म्हणून दाखवला आणि पोराचा हात पुढे केला. आत्या, गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. ती खाली गेली आणि झऱ्यावर बायांना सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या आया एकेक करून आल्या, नंबर विचारायला. मी सगळ्यांना सांगितले. कागदावर काही दिलं नाही. नुसता नंबर ऐकून कुणाला काही कळणार नाही, असा माझा विचार. तुमच्या नियमात बसतं की नाही ते मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आता सांगते आहे.

तुमची,
निकिता


इंदिरानगर, नाशिक
२९ सप्टेंबर २००८

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

नियमात बसत नव्हतं. नियम बदलला आहे.

सगळ्या चाव्या एका जागी असल्या की आपण निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणूस त्या जागेकडे पुन्हा बघत नाही. मी बघितलं नाही. आता यापुढे यंत्रांना माणसांची नावं नाहीत, क्रमांक. माणसं लग्नं करोत, नावं ठेवोत, सोडोत. जुनं काहीही डिरेक्टरीतून काढण्याआधी त्याच्याखाली काय आहे ते दोघांनी पाहायचं. चावीची एक छापील प्रत मोहोरबंद पाकिटात खजिनदारांच्या कपाटात. आणि दर महिन्याला एका यंत्राची चावी खरोखर लावून बघायची. ‘आपोआप’ हा शब्द मी ऑफिसात बंद केला आहे. मनोज चुकून म्हणाला तर स्वतःच जीभ चावतो.

निकाल आधी आईला सांगायचा, हे मंडळात मांडलं. एक सभासद म्हणाले, अडाणी बायका, घाबरतील. मी म्हटलं, घाबरतील, आणि मग प्रश्न विचारतील. आपल्याला प्रश्न नको असतात म्हणून आपण त्यांना घाबरट ठरवतो. ठराव झाला. निकाल आले की शिबिराच्या आठवडाभर आधी तू घरोघर जा. वाईट निकाल दारात उभं राहून सांगू नकोस, आत जाऊन बस.

तुझी,
ललिताआत्या


सुरगाणा
२० ऑक्टोबर २००८

ती. ललिताआत्यास,
शि. सा. नमस्कार.

काल शिबिर झालं. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

निकाल आले त्या आठवड्यात मी घरोघर फिरले. बहुतेक मुलं बरी आहेत. बहिरूबाबांच्या घरी सांगायला गेले तेव्हा ते ओट्यावर होते. मी त्यांच्या सुनेला आत नेऊन सांगितलं, चांगलं सांगण्यासारखं होतं. बाहेर आले तर त्यांनी बसायला गोणपाट सरकवलं. मी बसले.

साळूबाईच्या घरी आत जाऊन बसले. संतोषला आजार आहे. मी कानात सांगितलं, ठरल्याप्रमाणे. ती बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, “मरल का?” मी म्हणाले, नाही. गोळ्या रोज घ्याव्या लागतील, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत जपायचं, दुखलं की ताबडतोब आणायचं, द्राक्षबागेवर असलीस तरी. तिनं एकेक पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेतलं. रडली मी गेल्यावर असेल.

काल शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टरांचं टेबल होतं. मी शेजारी, डिस्क पुसून नव्यानं सुरू केलेला लॅपटॉप घेऊन बसले. सिन्नरहून आई आल्या होत्या, तुम्हाला कळवायचं नाही म्हणाल्या म्हणून कळवते. सत्तर भाकरी करून आणल्या होत्या आणि रांग मोडणाऱ्याला ओरडत होत्या. पहिलीच साळूबाई. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “हं, काय आहे या मुलाचं?”

लॅपटॉप अजून चालू होत होता.

साळूबाईनं पोराला टेबलासमोर उभं केलं, त्याचा नंबर सांगितला, नाव सांगितलं, आणि म्हणाली, “याला सिकल हाय. मला ठाव हाय. गोळी किती आन कवा, तेवढं सांगा.”

डॉक्टर तिच्याकडे वळले आणि तिच्याशी बोलायला लागले. तिच्यामागे रांगेत बाया आपापला नंबर पुटपुटत उभ्या होत्या.

तुमची,
निकिता